दंडाविना चालणारा कायदा





कायद्याच्या पाठीशी दंड असलाच पाहिजे, ही कल्पना आपल्याकडे कौटिल्याच्या काळापासून इतकी रुजलेली आहे की, ज्याला राजा नाही, न्यायासन नाही, शिपाई नाही आणि मोडणाऱ्याला शासन करण्याची कसलीही तजवीज नाही, असा एखादा नियम जगातील कोट्यवधी यंत्रे अहोरात्र पाळीत आहेत, असे कोणी सांगितले, तर ऐकणाऱ्याला ते सहसा खरे वाटणार नाही. तथापि आज सकाळी आपणांपैकी ज्यांनी ई-मेल वाचले, बँकेच्या संकेतस्थळावर शिल्लक पाहिली किंवा परदेशी असलेल्या मुलाचा चेहरा भ्रमणध्वनीवर पाहून त्याच्याशी चार शब्द बोलले, त्या सर्वांनी अशाच नियमांच्या आश्रयाने ते केले. या नियमांना इंटरनेटची मानके म्हणतात. ही मानके कशी जन्मास आली, आपल्या पत्रव्यवहाराला त्यांनी कोणते रूप दिले, आणि ज्या स्वभावामुळे ती जगभर पसरली त्याच स्वभावामुळे सुरक्षिततेचा प्रश्न इतका बिकट का झाला, हे मला आज मांडावयाचे आहे.

आरंभ १९६९ सालचा आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या आर्पा या शाखेने चार संशोधनसंस्थांमधील संगणक एकमेकांस जोडण्याचे ठरविले होते. लॉस एंजेलिस आणि सांता बार्बरा येथील विद्यापीठे, स्टॅनफर्ड संशोधनसंस्था आणि यूटा विद्यापीठ, अशी ती चार ठाणी. तारा आणि दळणवळणाची यंत्रे यांची व्यवस्था एका कंपनीकडे सोपविलेली होती. परंतु जोडले गेल्यावर संगणकांनी परस्परांशी कोणत्या रीतीने बोलावयाचे, याचा निर्णय मात्र कोणाकडेच सोपविलेला नव्हता. तो भार आपोआप काही पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या शिरावर आला, आणि कोणी अधिकारी पुरुष येऊन आपणांस बाजूला सारील अशी धास्ती बाळगीतच त्यांनी काम चालू केले. त्यांपैकी स्टीव्ह क्रॉकर यांनी ७ एप्रिल १९६९ रोजी पहिले टिपण प्रसृत केले. ज्या मित्रांकडे ते उतरले होते त्यांची झोपमोड होऊ नये म्हणून रात्री स्नानगृहात बसून आपण हे लेखन केले, असे क्रॉकर यांनीच पुढे सांगितलेले आहे. आपण हुकूम सोडीत आहोत असा कोणाचा समज होऊ नये म्हणून त्या टिपणांना त्यांनी 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स' असे नम्र नाव दिले. आज आरएफसी या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी ही मालिका नऊ हजारांच्या पुढे गेली असली, तरी ते नाव कायम आहे.

या टिपणांच्या लेखनासंबंधी जी पहिली शिस्त घालून देण्यात आली, तिच्यात घासून-पुसून परिपूर्ण केलेल्या लिखाणापेक्षा वेळेवर कळविलेला अर्धवट विचारही ग्राह्य मानलेला होता. मात्र या मोकळेपणाला एक कठोर जोड पुढे मिळाली, आणि ती मला अतिशय महत्त्वाची वाटते. एकदा क्रमांक पडून दफ्तरी दाखल झालेल्या टिपणात काडीइतकाही फेरफार करावयाचा नाही. चूक आढळली तर नवा क्रमांक घेऊन नवे टिपण लिहावयाचे आणि जुने जेथल्या तेथे राहू द्यावयाचे. या दफ्तराची राखण जॉन पॉस्टेल या एका गृहस्थाने १९९८ च्या ऑक्टोबरात मृत्यू येईपर्यंत जवळजवळ अठ्ठावीस वर्षे केली. त्यामुळे कोणता निर्णय केव्हा झाला, कोणी हरकत घेतली आणि कशाच्या जागी काय आले, याची अखंड नोंद आज कोणालाही, एक पैसा न देता, वाचावयास मिळते. जगाच्या इतक्या मोठ्या कारभाराचे दफ्तर इतके उघडे असल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

या पद्धतीला प्रतिस्पर्धी नव्हता असे नाही. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने ओएसआय या नावाने संपूर्ण आराखडा सिद्ध केला होता. सात थरांची त्याची रचना तर्कशुद्ध आणि देखणी होती, आणि सरकारे, दूरसंचार खाती व मोठे कारखानदार त्याच्या पाठीशी होते. अमेरिकी सरकारने १९९० पासून आपल्या खात्यांच्या खरेदीत ओएसआयची अट घातली. इकडे, १ जानेवारी १९८३ रोजी आर्पाच्या जाळ्याने, म्हणजे आर्पानेटने, जुनी भाषा टाकून टीसीपी/आयपी स्वीकारले होते आणि त्या जोडीवर प्रत्यक्ष व्यवहार चाललेला होता. जे चालत होते ते उणे असूनही जिंकले, आणि जे निर्दोष होते ते पुष्कळसे कागदावरच राहिले. ओएसआयच्या पुरस्कर्त्यांना तुच्छ लेखण्याचे मला कारण दिसत नाही, कारण त्यांनी उपस्थित केलेले कित्येक प्रश्न, विशेषतः नामनिर्देशिका आणि प्रमाणपत्रे यांविषयीचे, इंटरनेटला पुढे सोडवावेच लागले. संकेतस्थळांची ओळख पटविणारी आजची प्रमाणपत्रे एक्स.५०९ या नावाच्या त्याच परंपरेतील एका मानकाच्या नमुन्यावर घडलेली आहेत.

हा झगडा १९९२ साली घरातच पेटला. यंत्रांच्या पत्त्यांचा साठा पुढे अपुरा पडणार हे दिसू लागल्यावर इंटरनेटच्या वास्तुमंडळाने जपानातील कोबे येथे ओएसआयमधील एक प्रोटोकॉल आयपीच्या जागी घ्यावा असा विचार पुढे केला, आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्या अभियंत्यांना आपणांस न विचारता वरून निर्णय लादला जात आहे असे वाटून मोठा क्षोभ झाला. त्यानंतर जुलैत मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे इंटरनेट अभियांत्रिकी कार्यदलाची, म्हणजे आयईटीएफची, सभा भरली. तेथे डेव्हिड क्लार्क यांनी राजे, अध्यक्ष आणि मतदान या तिन्हींचा अव्हेर करून स्थूल मतैक्य आणि चालून दाखविणारी आज्ञावली या दोहोंवर श्रद्धा ठेवणारे उद्गार काढले. ते त्या संस्थेचे जणू ब्रीद होऊन बसले. आयईटीएफला सभासदत्व नाही, म्हणून मतदारयादी नाही, आणि मतदारयादी नाही म्हणून मतमोजणीही नाही. सभेचा कल अजमावण्यासाठी अध्यक्ष उपस्थितांना ओठ मिटून गुणगुणावयास सांगतात आणि कोणत्या बाजूचा आवाज भरीव आहे ते ऐकतात. त्याहूनही कोणाची हरकत सप्रमाण असली, तर ती एकट्याची असली तरी तिचे उत्तर द्यावे लागते. आणि मानकाच्या सर्वोच्च पायरीवर चढावयाचे तर, निरनिराळ्या हातांनी स्वतंत्रपणे लिहिलेल्या निदान दोन आज्ञावली एकमेकींशी बिनचूक बोलतात, हे दाखवावे लागते.

आपल्या देशातही हे दोन मार्ग काही काळ शेजारी-शेजारी चालले. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये एर्नेट हे शैक्षणिक जाळे हाती घेतले, आणि जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र व त्याचे संचालक श्रीनिवासन रमणी यांचा त्यात फार मोठा वाटा होता. मुंबईतील हे केंद्र आणि पवईचे आयआयटी यांच्यात साध्या टेलिफोनच्या तारेवरून जी पत्रे जाऊ लागली, ती या देशातील ई-मेलची पहिली पावले होत. एर्नेटने ओएसआय आणि टीसीपी/आयपी या दोहोंनाही आरंभी थारा दिला होता. परंतु १९९५ च्या सुमारास त्यावरील जवळजवळ सर्व वाहतूक टीसीपी/आयपीवरून चालू लागली होती. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमाने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले.

आता टपालाकडे वळू. एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावरील माणसाला पत्र पाठविण्याची युक्ती रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये केली, आणि नाव व ठिकाण यांच्यामध्ये जे चिन्ह त्यांनी घातले ते आज जगातील बालकांनाही ठाऊक आहे. परंतु पत्रव्यवहाराला स्थिर रूप आले ते १९८२ च्या ऑगस्टात, दोन लागोपाठच्या टिपणांनी. पॉस्टेल यांच्या आरएफसी ८२१ ने पत्र एका यंत्राकडून दुसऱ्याकडे कसे सोपवावयाचे, ती एसएमटीपी नावाची रीत ठरविली. आणि डेव्हिड क्रॉकर यांच्या आरएफसी ८२२ ने, ते स्टीव्ह यांचे बंधू, पत्राच्या माथ्यावर प्रेषक, प्रापक, विषय आणि दिनांक कसे लिहावयाचे ते ठरविले. या दोहोंतील भेद नीट ध्यानात घेतला म्हणजे पुढची सारी कहाणी उलगडते. एक लखोट्यासंबंधी आहे आणि दुसरे लखोट्यातील कागदासंबंधी. पाठविणारे यंत्र प्रथम आपले नाव सांगून नमस्कार करते, मग लखोट्यावरील प्रेषक सांगते, मग प्रापक सांगते. प्रत्येक वाक्याला समोरून तीन अंकी उत्तर येते, आणि २५० हा अंक आला की मान्यता मिळाली असे समजावयाचे. मग मजकूर जातो, आणि ज्या ओळीत एकटा पूर्णविराम आहे तेथे तो संपतो. हा संवाद इतका सरळ आहे की, कोणी जिज्ञासू मनुष्य कळफलकावर स्वतः टंकून तो पार पाडू शकेल. या साधेपणामुळेच लहान-मोठ्या, महाग-स्वस्त, सर्व जातींच्या यंत्रांवर तो उतरविता आला, आणि कोणत्याही एका कंपनीची परवानगी न घेता कोणालाही आपले टपालघर थाटता आले.

परंतु या संपूर्ण संवादात, 'तू जो म्हणवितोस तोच आहेस कशावरून?' हा प्रश्न कोठेही विचारलेला नाही. लखोट्यावर एक नाव आणि आतील कागदावर दुसरेच नाव असले, तरी मूळ रीतीप्रमाणे ते पत्र ग्राह्यच आहे. हे अज्ञानामुळे झाले असे म्हणता येत नाही. पॉस्टेल यांनीच नोव्हेंबर १९७५ मध्ये आरएफसी ७०६ लिहून, त्रासदायक यंत्राकडून येणारे नकोसे टपाल नाकारण्याची सोय जाळ्यात नाही, ती हवी, असे नमूद केले होते. आणि ३ मे १९७८ रोजी एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने सुमारे चारशे जणांना विनाविचारणा जाहिरातीचे पत्र धाडून ती भीती खरीही केली. तरीसुद्धा १९८२ च्या मानकांत पडताळणी आली नाही, कारण जाळ्यावरील मंडळी एकमेकांना ओळखत होती, आणि अनोळखी माणसाला दाराशीच अडविणारी रीत घातली असती, तर ती इतक्या झपाट्याने पसरलीही नसती. पुढे कित्येक वर्षे टिपणांच्या शेवटी, या टिपणात सुरक्षिततेचा विचार केलेला नाही, एवढे एकच वाक्य लिहून लेखक मोकळे होत. १९९० नंतर ही सवलत काढून घेण्यात आली आणि प्रत्येक टिपणात सुरक्षिततेवर प्रकरण आवश्यक ठरले. तोवर जगाचा पत्रव्यवहार जुन्या पायावर उभा राहून गेला होता.

दंडशक्ती असलेल्या राजाने अशा वेळी फर्मान काढले असते की, अमुक तारखेपासून जुन्या रीतीची पत्रे रद्द. १९८३ मध्ये आर्पानेटवर तसे करता आले, कारण तेव्हा यंत्रे थोडी होती आणि खजिन्याची किल्ली एका खात्याकडे होती. पुढे ते अशक्य झाले. म्हणून सुधारकांना जुन्या रीतीला धक्का न लावता तिच्या कडेकडेने नवी व्यवस्था उभारावी लागली. एसपीएफ या योजनेत, २००६ मध्ये ती प्रथम आरएफसीरूपाने आली, डोमेनचा मालक आपल्या नावाने पत्रे पाठविण्याचा अधिकार कोणत्या यंत्रांना आहे याची यादी सार्वजनिक नामनोंदवहीत लावून ठेवतो. पाठोपाठ आलेल्या डीकेआयएमने पत्रावर गणिती शिक्कामोर्तब करण्याची सोय केली. शिक्का उमटविणारी किल्ली मालकाजवळ गुप्त राहते आणि तो पडताळण्याची किल्ली त्याच नोंदवहीत सर्वांना खुली असते. डीमार्कने २०१५ मध्ये, वाचकाला दिसणारे प्रेषकाचे नाव आणि या दोन पुराव्यांतील नाव यांचा मेळ घालून, मेळ न बसल्यास पत्राचे काय करावे याची सूचना मालकाला देता येईल असे केले. लक्षात घ्या, तीही केवळ सूचना. ती मानावयाची की नाही हे घेणाऱ्याच्या मर्जीवर. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहू यांनी, मोठ्या संख्येने पत्रे पाठविणाऱ्यांनी या तीनही योजना पाळल्याच पाहिजेत अशी अट घातली, तेव्हा वीस वर्षे रेंगाळलेले काम काही महिन्यांत मार्गी लागले. त्याचा लाभ मी नाकारीत नाही. परंतु जो दंड मानकसंस्थेने मुद्दाम हाती घेतला नव्हता, तो दोन-चार बलाढ्य टपालकंपन्यांच्या हाती आयता जाऊन पडला. स्वतःचे टपालघर चालविणाऱ्या लहानशा महाविद्यालयाला आज त्यांच्या मर्जीचा विचार करावा लागतो, आणि ही गोष्ट मला मनापासून खटकते.

पत्र कोणी पाठविले हा एक प्रश्न झाला. वाटेत ते कोणी वाचले हा दुसरा. मूळ एसएमटीपीत मजकूर उघडाच जात असे. १९९९ च्या एका टिपणाने, समोरचे यंत्र तयार असेल तर संभाषण गुप्त करण्याची सोय दिली. पण तयारी आहे हे वाक्यही उघड्यावरच बोलले जात असल्यामुळे, मध्ये बसलेला चोर ते पुसून टाकून दोन्ही बाजूंना उघडेच बोलावयास लावू शके. हे छिद्र बुजविण्याची मानके २०१५ आणि २०१८ मध्ये आली. गुप्ततेचे मूळ काम करणाऱ्या टीएलएस या प्रोटोकॉलचा इतिहासही असाच आहे. त्यातील एका लहानशा उपांगात, समोरचा जिवंत आहे की नाही हे पाहण्यासाठी थोडा मजकूर पाठवावयाचा आणि तोच परत मागावयाचा, अशी तरतूद होती. सांगितलेली लांबी खऱ्या मजकुराशी जुळत नसेल तर तो निरोप मुकाट्याने टाकून द्यावा, असे मानकात स्वच्छ लिहिलेलेही होते. ओपनएसएसएल या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलीत ती तपासणी राहून गेली, आणि त्यामुळे प्रत्येक खेपेस चौसष्ट किलोबाइटपर्यंत परक्या स्मृतीतील मजकूर, प्रसंगी गुप्त किल्ल्यासुद्धा, बाहेर काढता येऊ लागला. हार्टब्लीड या नावाने हा दोष जाहीर झाला तो दिवस ७ एप्रिल २०१४, म्हणजे पहिल्या टिपणाला बरोबर पंचेचाळीस वर्षे झाली तो दिवस. मानक निर्दोष असणे आणि ते पाळले जाणे यांतील अंतर असे असते.

त्याच महिन्यात टीएलएसच्या नव्या आवृत्तीचा पहिला मसुदा निघाला, आणि अठ्ठावीस मसुद्यांनंतर २०१८ च्या ऑगस्टात ती आरएफसी ८४४६ म्हणून प्रसिद्ध झाली. एवढा विलंब का लागला, याचे एक कारण मोठे बोधप्रद आहे. पॉस्टेल यांचे जुने वचन असे होते की, पाठविताना काटेकोर असावे आणि स्वीकारताना उदार असावे. टीएलएसच्या रचनेतही आपल्याला न कळणारी नवी खूण दिसली तर तिच्याकडे दुर्लक्ष करून पुढे जावे, असा नियम होता. परंतु वाटेवर ठिकठिकाणी बसविलेल्या तपासणी-यंत्रांनी तो कधी पाळलाच नव्हता. आवृत्तीचा नवा अंक दिसताच ती संभाषणच तोडून टाकीत. शेवटी नव्या आवृत्तीला आपल्या कपाळावर जुन्याच आवृत्तीचा अंक लावून, खरा अंक आत एका परिशिष्टात लपवावा लागला. पुढच्या पिढीवर हीच पाळी येऊ नये म्हणून आता ब्राउझर अधूनमधून मुद्दाम निरर्थक खुणा पाठवितात, हेतू इतकाच की, अपरिचिताकडे सौम्यतेने दुर्लक्ष करण्याची सवय यंत्रांच्या अंगवळणी राहावी.

सरकारांशी आयईटीएफचा जो संबंध आला, त्यात तिने दाखविलेल्या धैर्याचा मला आदर वाटतो. १९९६ मध्ये गुप्तलेखनावर निर्बंध घालण्याच्या सरकारी धोरणांविरुद्ध तिने निवेदन काढले आणि त्याला १९८४ हा क्रमांक जाणूनबुजून दिला. ऑर्वेलच्या वाचकांना त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. २००० मध्ये, चोरून ऐकण्याची सोय आपल्या मानकांत करण्याचा विचारच करणार नाही, असे तिने लिहून ठेवले. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांवरून पाळतीची व्याप्ती कळल्यावर, सरसकट पाळत हा एक तांत्रिक हल्लाच आहे आणि प्रोटोकॉल रचताना त्याचा प्रतिकार करावा, असा ठराव २०१४ च्या मे महिन्यात आरएफसी ७२५८ या रूपाने दफ्तरी लागला. पाळत कोण ठेवतो आणि कोणत्या हेतूने, याची चिकित्सा त्यात नाही. गुन्ह्यांचा तपास करणाऱ्यांची अडचण खोटी नाही हे मान्य करूनही मला ही भूमिका योग्य वाटते, कारण एकासाठी ठेवलेले दार दुसऱ्यालाही सापडते.

शेवटी आपल्या लिपीविषयी. १९८२ ची मानके सात बिटांच्या रोमन अक्षरांपुरती होती. देवनागरीला त्यात शिरकावच नव्हता. १९९२ मध्ये नॅथनिएल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी माइम ही योजना आणली. तिने जुन्या सात बिटांच्या गाडीला न बदलता तिच्यातून चित्र, ध्वनी आणि कोणतीही लिपी नेता येईल असे केले. त्याच वर्षी केन टॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ही लेखनपद्धती सिद्ध केली. तिच्यात 'मराठी' या शब्दाच्या पाच खुणांना पंधरा बाइट लागतात, आणि माइमच्या वेष्टनात त्यांची वीस रोमन अक्षरे होतात; वाचणाऱ्याला यातले काहीही दिसत नाही. तत्पूर्वी प्रत्येक वृत्तपत्राचा आणि प्रत्येक छापखान्याचा फाँट निराळा असल्यामुळे मराठी मजकुराचे पलीकडे काय होत असे, हे ज्यांनी भोगले आहे त्यांना या दोन मानकांचे मोल सांगावयास नको.

मजकूर सुटला, पत्ता मात्र अडकून राहिला. डोमेनचे देवनागरी नाव रोमन अक्षरांत गुप्तपणे रूपांतरित करता येते, म्हणून 'भारत' हा प्रत्यय २०१४ मध्ये सुरू होऊ शकला. पण पत्त्यातील @ या चिन्हाच्या आधी येणाऱ्या माणसाच्या नावाचा अर्थ लावण्याचा हक्क केवळ अखेरच्या टपालघराचा असल्यामुळे मधल्या कोणाला त्याचे रूपांतर करता येत नाही. म्हणून २०१२ च्या आरएफसी ६५३१ ने ठरविले की, वाटेवरील प्रत्येक सर्व्हरने अशी नावे आपण जाणतो असे सांगितले पाहिजे. एकाने जरी तसे सांगितले नाही तरी पत्र परत येईल. ही मानके होऊन बारा वर्षांहून अधिक काळ लोटला, मोठ्या टपालसेवांपैकी काहींनी ती स्वीकारलीही, तरी देवनागरी पत्ता अर्जात लिहिला की तो अवैध ठरविणारी संकेतस्थळे आजही सर्रास भेटतात.

याला फर्मान काढणारा कोणी नाही हे मी सांगितलेच. मात्र खरेदीदाराची अट उरते. अमेरिकी सरकारची ओएसआयची अट फसली होती, हा आक्षेप येथे घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. पण ती अट बाजारात जे धड चालत नव्हते त्यासाठी होती, आणि ही अट चालत असलेल्या वस्तूसाठी असेल. आपली विद्यापीठे, सहकारी बँका, नगरपालिका आणि राज्य शासनाची खाती टपालसेवेच्या निविदा काढतात, तेव्हा त्यांत एक कलम घालावे: सेवेने आरएफसी ६५३१ प्रमाणे देवनागरी पत्ता घेतला, पाठविला आणि पोचविला पाहिजे, आणि हे देकार मंजूर होण्यापूर्वी निदान दोन स्वतंत्र सेवांशी पत्रांची देवाणघेवाण करून दाखविले पाहिजे.